मोन्टानातल्या पॅराडाइज व्हॅलीत रँच घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लिव्हिंगस्टनहून गार्डिनरकडे जाणारा हायवे ८९ सुमारे ८५ किलोमीटर यलोस्टोन नदीच्या सोबतीनं जातो. पूर्वेला ॲबसारोका, पश्चिमेला गॅलाटिन डोंगररांग, मध्ये कुरणं. इथल्या रँच विकल्या जातात त्या १०,९२१ फूट उंच एमिग्रंट शिखराच्या फोटोंवर. पण किंमत ठरते पाटाच्या पाण्यावर आणि कागदांवर, म्हणून पुढचे बरेच प्रश्न त्यांचेच आहेत. ही उत्तरं मोन्टाना राज्यापुरती आहेत. वायोमिंग किंवा कोलोरॅडोत पाण्याचे आणि नदीचे कायदे वेगळे आहेत, तिकडे ती जशीच्या तशी लावू नका.

जाहिरातीत १२,००० एकर लिहिलंय. एवढी जमीन माझ्या नावावर होईल?

बहुतेक वेळा नाही. पहिला प्रश्न विचारायचा तो ‘डीडेड’ एकर किती, म्हणजे खरेदीखतानं मिळणारी जमीन किती. उरलेली राज्याच्या ट्रस्टची भाडेपट्ट्याची जमीन असते किंवा फॉरेस्ट सर्व्हिसचा, म्हणजे केंद्राच्या वनखात्याचा, चराईचा परवाना असतो. बारा हजारांतले तीन हजारच डीडेड निघाले तर त्यात फसवणूक असेलच असं नाही, इकडे जाहिराती अशाच लिहितात.

फॉरेस्ट सर्व्हिसचा परवाना साधारण दहा वर्षांचा असतो. किती गुरं, कोणत्या तारखेला आत आणि कोणत्या तारखेला बाहेर, हे त्यात लिहिलेलं असतं. तो जमिनीसोबत आपोआप येत नाही. विकणारा तो सोडून देतो आणि घेणारा नव्यानं अर्ज करतो. अर्ज करताना गुरं तुमच्या मालकीची असावी लागतात आणि परवान्याला आधार म्हणून स्वतःची जमीनही लागते. केंद्राच्या जमिनीवर एक गाय वासरासह महिनाभर चरण्याचा दर २०१९ ते २०२५ या काळात १.३५ डॉलर होता. बाजारातल्या खासगी कुरणाच्या मानानं हे जवळजवळ फुकट, आणि म्हणूनच विकणारा तो परवाना किमतीत मोजतो. तुम्ही मोजू नका, कारण ती सवलत आहे, मालमत्ता नव्हे.

मापाचं म्हणाल तर एकर तोच आपला ४० गुंठ्यांचा. ६४० एकरांचा म्हणजे एक चौरस मैलाचा एक ‘सेक्शन’. नकाशे, जुनी खतं आणि भांडणं सगळी सेक्शनमध्येच बोलतात.

पाण्याचे हक्क म्हणजे नेमकं काय? विहीर आहे, ओढा आहे, मग अडचण कुठे?

ओढा तुमच्या जमिनीतून वाहतो म्हणून त्याचं पाणी तुमचं होत नाही. इथला नियम: ज्यानं आधी वापरलं त्याचा हक्क आधी. प्रत्येक हक्काला एक तारीख असते. एमिग्रंट गल्चमध्ये १८६४ मध्ये सोनं सापडलं आणि त्यानंतर या खोऱ्यात पाट निघाले, त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले हक्क इथे भेटतात. जुलैअखेर ओढा आटायला लागला की १८८५ चा हक्कदार आपलं सगळं पाणी घेतो आणि १९५५ वाल्याचं हेडगेट, म्हणजे पाटाच्या तोंडाचं दार, बंद होतं. खानदेशातल्या फड पद्धतीसारखी टंचाई सगळ्यांत वाटून घेण्याची रीत इथे नाही.

प्रत्येक हक्काच्या कागदावर पाच गोष्टी तपासा: तारीख, प्रवाह, वापराचा हेतू, पाणी उचलण्याची जागा आणि कोणत्या जमिनीवर वापरायचं ती जागा. गडबड होते ती बहुधा शेवटच्या दोहोंत. कागदावर पाणी उत्तरेच्या कुरणाचं असतं आणि मागच्या मालकानं वीस वर्षं ते दक्षिणेला फिरवलेलं असतं. असा बदल राज्याच्या जलविभागाच्या मंजुरीशिवाय चालत नाही, आणि मंजुरीच्या वेळी खालचे शेजारी हरकत घेऊ शकतात.

१ जुलै १९७३ पूर्वीच्या हक्कांचा निवाडा मोन्टानाचं वॉटर कोर्ट करतं, त्यानंतरच्यांना परवाना लागतो. ‘दावा दाखल आहे’ आणि ‘हक्क निश्चित झाला आहे’ यांत फरक आहे. विकणाऱ्याचा एजंट तो सांगायला विसरतो.

प्रवाहाचं माप जुन्या कागदांत ‘मायनर्स इंच’मध्ये असतं. मोन्टानात ४० मायनर्स इंच म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सुमारे २८ लिटर. एकराला एक इंच हा जुना ठोकताळा धरला तर एका घनफुटावर ४० एकर भिजतात. कागदावर १६० इंच असतील तर चार घनफूट. ते खरोखर पाटात येतात का, हे ऑगस्टमध्ये उभं राहून मोजा. मापाची पट्टी किंवा फ्लूम (प्रवाह मोजायची नाळ) नसेल तर बसवून घ्या.

खरेदीनंतर मालकी बदलल्याची नोंद जलविभागात झाली ना, हे वकिलाकडून लेखी घ्या. खतात वेगळं काही लिहिलं नसेल तर हक्क जमिनीसोबत येतात, पण विकणाऱ्याला ते राखून ठेवता येतात. एवढ्या एका वाक्यासाठी अख्खं खत वाचावं लागतं.

पाट घराच्या जागेतून जातो. हलवता येईल?

तो पाट खालच्या माणसाचा असेल तर त्याच्या लेखी संमतीशिवाय हात लावू नका. पाटाच्या मालकाला दुरुस्तीसाठी तुमच्या जमिनीत यायचा, गाळ काढायचा आणि तो काठावर टाकायचा हक्क असतो. पाटावर शेड, कुंपण किंवा सजावटीचा पूल टाकला तर तो काढायला लावता येतो, शिवाय वकिलाचा खर्चही तुमच्या अंगावर येऊ शकतो. कंपनीचा पाट असेल तर शेअर किती, वर्षाची पट्टी किती आणि पाटकऱ्याचा फोन कोणता, हे खरेदीआधी विचारा.

शोभेचं तळं करायचं आहे.

तळ्यातून उडून जाणारं पाणीही वापरच धरला जातो, म्हणून त्याला हक्क लागतो. सिंचनाचं पाणी तळ्याकडे वळवणं म्हणजे हेतू बदलणं. मासे सोडायला वन्यजीव खात्याचा वेगळा परवाना. पॅराडाइज व्हॅलीतली कितीतरी सुंदर तळी कागदोपत्री बेकायदा असू शकतात, आणि ती तुमच्या नावावर झाली की तो प्रश्नही तुमचा होतो.

नदीकाठ माझा असेल तर मासेमारीही माझीच ना?

नाही. १९८५ च्या कायद्यानुसार नदीच्या सर्वसाधारण भरपाण्याच्या रेषेच्या आत कोणीही चालू शकतो, मासे धरू शकतो, तराफ्यातून जाऊ शकतो. तळ कोणाच्या का मालकीचा असेना. तुमच्या जमिनीवरून नदीपर्यंत यायचा हक्क मात्र त्यांना नाही. ते सार्वजनिक पुलावरून किंवा घाटावरून उतरतात. नदीवर आडवी तार घालून लोकांना अडवू नका. खासगीपणा हवा असेल तर नदीकाठापेक्षा डोंगराकडच्या बाजूची जमीन पाहा, ती बहुधा स्वस्तही पडते.

२०२२ च्या पुराबद्दल वाचलं. नदीजवळ घ्यावं की नाही?

१३ जून २०२२ च्या सुमारास साठलेल्या बर्फावर जोराचा पाऊस पडला आणि कॉर्विन स्प्रिंग्जच्या मापकावरचे आधीचे उच्चांक मोडले. कार्बेलाचा पूल वाहून गेला, गार्डिनरहून यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात, म्हणजे पार्कात, जाणारा रस्ता तुटला. यलोस्टोनच्या मुख्य प्रवाहावर अडवणारं मोठं धरण नाही, त्यामुळे नदी जागा बदलते. पूरनकाशावरची रेषा पाणी कुठवर चढेल ते सांगते, काठ कुठवर खचेल ते सांगत नाही. जुन्या हवाई छायाचित्रांवरून गेल्या पन्नास वर्षांत पात्र कुठे कुठे होतं ते लावून पाहा.

काठाला दगड टाकून धरणं एवढं सोपं नाही. बारमाही ओढ्याच्या किंवा नदीच्या पात्रात, काठावर कोणतंही काम करायचं असेल तर १९७५ च्या कायद्याखाली कॉन्झर्व्हेशन डिस्ट्रिक्टची (माती-पाणी संवर्धनाच्या स्थानिक मंडळाची) परवानगी लागते, तिला सगळे ‘३१०’ म्हणतात. बहुतेकदा लष्कराच्या अभियंता विभागाचीही लागते. रस्त्याखालची साधी मोरी बदलायलासुद्धा आधी ३१०.

किती गुरं पोसता येतील?

उलट्या बाजूनं, हिवाळ्यापासून मोजा. साडेपाचशे किलोची गाय दिवसाला १२ ते १४ किलो सुकं गवत खाते, वाया जातं ते त्यातच धरा. इथे पाच ते सहा महिने गवत घालावं लागतं. म्हणजे गायीमागे दोन ते अडीच टन, शंभर गायींना २०० ते २५० टन. पाण्याखालचं कुरण एकरी दोन ते चार टन देतं, तेव्हा चांगलं भिजणारं ८० ते १०० एकर तरी फक्त कापणीसाठी हवं. कोरडवाहू उतारावर उन्हाळाभर एका गायीला पंधरा-वीस एकर सहज लागतात.

१६० एकरांच्या चौकोनात पिव्होट, म्हणजे मधल्या खांबाभोवती गोल फिरणारा फवारा, बसवला तर तो सुमारे १२५ ते १३० एकर भिजवतो, कोपरे कोरडे राहतात. पिव्होट दिसायला देखणा, पण त्याला पंप, वीज आणि कागदावर बसणारं पाणी लागतं. पाटानं भिजवायला फावडं घेऊन फिरणारा माणूस लागतो, आणि तो मिळणं हीच आता खरी अडचण आहे.

आम्हाला गुरं कत्तलीसाठी विकायची नाहीत. मग रँच चालेल?

चालेल, पण हिशेब बदलतो. सुकं गवत पिकवून विकता येतं. घोडेवाले तणमुक्त प्रमाणपत्राच्या गठ्ठ्यांना जास्त पैसे देतात, आणि जंगलात घोडे नेणाऱ्यांना तसंच गवत लागतं. दुसऱ्यांचे घोडे सांभाळता येतात. शेजाऱ्याला कुरण भाड्यानं देणं सगळ्यांत सोपं, पण ती गुरं शेवटी मांसासाठीच जातात, हे करार करतानाच लक्षात घ्या. जमीन नुसती पडीक ठेवणं हा मात्र वाईट पर्याय: तण माजतं आणि शेतजमिनीची करसवलत धोक्यात येते.

तणाचं हलकं घेऊ नका. लीफी स्पर्ज आणि स्पॉटेड नॅपवीड यांचा बंदोबस्त करणं मालकावर कायद्यानं बंधनकारक आहे. स्पर्जची मुळं कित्येक फूट खोल जातात, एका फवारणीनं काही होत नाही. त्यावर पिसूसारखे उड्या मारणारे विशिष्ट भुंगेरे सोडतात, आणि परिणाम दिसायला काही वर्षं जातात. खरेदीआधी जूनमध्ये पिवळे पट्टे कुठे दिसतात ते नकाशावर मांडून घ्या.

एल्क आणि अस्वल: यांचं काय?

एल्क हरणं फोटोत छान दिसतात आणि हिवाळ्यात गवताच्या गंजी फस्त करतात. शिवाय पार्काच्या आसपासच्या एल्क आणि बायसनमध्ये ब्रुसेलोसिस आहे, गाभण गायींचा गर्भपात करणारा रोग. म्हणून हा भाग राज्याच्या विशेष देखरेख क्षेत्रात येतो. कालवडींना चार ते बारा महिन्यांच्या वयात लस आणि वर्षावरची प्रजननक्षम गुरं क्षेत्राबाहेर नेताना तपासणी. हिवाळ्याच्या शेवटी एल्क आणि गायी एकाच गवतावर येऊ द्यायच्या नाहीत, कारण संसर्ग पसरतो तो गर्भपाताच्या अवशेषांमधून. गंजीभोवती आठ फूट उंच जाळी, आणि गवत एकाच जागी न टाकता रोज नव्या जागी.

नुकसानीसाठी राज्याची मदत मिळते, पण वाजवी प्रमाणात सार्वजनिक शिकारीला परवानगी दिली असेल तरच. शिकार अजिबात नको असं ठरवलं असेल तर जाळी स्वतःच्या पैशांनी.

ग्रिझली अस्वलाला वासाचं आमंत्रण लागतं. मेलेलं जनावर त्याच दिवशी हलवा. कचरा, कोंबड्यांचं खाद्य, मधाच्या पेट्या विजेच्या कुंपणात किंवा अस्वलरोधक डब्यात ठेवा.

कुंपण कसं असावं?

मोन्टाना खुल्या चराईचं राज्य आहे. हर्ड डिस्ट्रिक्ट (गुरं मोकळी सोडायला बंदी असलेला विभाग) नसेल तिथे शेजाऱ्याची गुरं आत आली तर ती बाहेर ठेवायची जबाबदारी तुमची. वन्यप्राण्यांना मानवेल असं कुंपण: वरची तार ४० ते ४२ इंचांवर, वरच्या दोन तारांत १२ इंच अंतर म्हणजे उडी मारणाऱ्या हरणाचा पाय अडकत नाही, आणि खालची तार बिनकाट्याची, जमिनीपासून १६ ते १८ इंचांवर. प्राँगहॉर्न हा इथला हरणासारखा प्राणी सहसा उडी मारत नाही, तो खालून सरपटतो.

आणि कुंपण म्हणजे हद्द असं धरू नका. जुनी कुंपणं खडक आणि बर्फ चुकवत घातलेली असतात. मोजणी करून घ्या.

रस्ता आहेच की. त्यात काय तपासायचं?

गाडी पोचते आणि जायचा हक्क आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शेजाऱ्याच्या जमिनीतून जाणारा रस्ता असेल तर नोंदणी झालेला हक्क हवा, आणि त्यात घर, पाहुणे, वीजवाहिनी सगळं बसतं का ते पाहा. मोन्टानात पाच वर्षांच्या वहिवाटीवर हक्क सांगता येतो, पण तो सिद्ध करायला कोर्टात जावं लागतं. बर्फ कोण काढतो, हेही कागदावर असू द्या.

चार मित्रांनी मिळून घेऊन नंतर वाटून घेतली तर?

हा प्रश्न बे एरिया आणि न्यू जर्सीतून हमखास येतो. १६० एकरांपेक्षा लहान तुकडे पाडले की उपविभाजनाचा कायदा लागतो: सांडपाणी, पाणी, रस्ता, अग्निशमन, सगळ्याची छाननी. कुटुंबातल्या माणसाला तुकडा देण्यासाठी सूट आहे, मित्राला नाही. एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) करून एकत्र ठेवणार असाल तर बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोण, कोणत्या किमतीला घेणार हे पहिल्या दिवशी लिहा.

कॉन्झर्व्हेशन ईझमेंट असलेली रँच घ्यावी का?

ईझमेंट म्हणजे जमिनीचे तुकडे न पाडण्याची आणि ठरलेल्या जागेबाहेर न बांधण्याची कायमची हमी. ती पुढच्या सगळ्या मालकांना बांधते. मोन्टाना लँड रिलायन्ससारखी संस्था दरवर्षी येऊन पाहणी करते. दस्तऐवजात ‘बिल्डिंग एन्व्हलप’, म्हणजे बांधकामाला ठरवून दिलेली जागा, कुठे आहे ते जमिनीवर खुंट्या मारून पाहा. कधी कधी ती जागा नेमकी वाऱ्याच्या तोंडावर निघते. पाहुण्यांची घरं, सौर पॅनेल, घोड्यांचं बंदिस्त मैदान चालतं का, हे एकेक विचारा.

अशी जमीन स्वस्त मिळते आणि शेजारीही ईझमेंट असेल तर समोरचा डोंगर उघडा राहतो. आमच्या मते घर बांधायचं ठरलेलं आहे आणि विकासातून पैसा काढायचा नाही, अशांना ती चांगली. स्वतः नव्यानं ईझमेंट दान करणाऱ्याला करवजावट मिळते: साधारण उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपर्यंत, पात्र शेतकऱ्याला १०० टक्क्यांपर्यंत, उरलेली पुढे १५ वर्षं. अनेक गुंतवणूकदार जमवून फुगवलेल्या मूल्यांकनावर वजावट काढायच्या योजनांपासून लांब राहा. २०२२ अखेरच्या कायद्यानं त्या गुंतवणुकीच्या अडीचपटीवर अडवल्या आहेत.

जमिनीखालची खनिजं?

बऱ्याचदा तुमची नसतात. १९१६ च्या होमस्टेड कायद्याखाली दिलेल्या जमिनींची खनिजं केंद्र सरकारनं राखली, काही ठिकाणी रेल्वेनं. २०१९ च्या कायद्यानं या खोऱ्याजवळची सुमारे ३०,००० एकर केंद्रीय जमीन नव्या खाणकामातून वगळली. खासगी खनिज हक्कांना ते संरक्षण नाही.

हिवाळ्यात घर बंद ठेवता येईल?

येईल, पण नुसतं कुलूप लावून नाही. पाण्याच्या पाइप सहा फूट खोल हव्यात. बंद करताना पंप थांबवा, सगळ्यांत खालचा नळ उघडून पाणी काढा, हवेच्या दाबानं उरलेलं बाहेर घालवा, सिंक आणि शौचालयाच्या वळणांत बिनविषारी अँटिफ्रीझ ओता. फरशीखालच्या गरम पाण्याच्या नळ्यांनी तापणारं घर असेल तर त्यातल्या ग्लायकॉलचं (पाणी गोठू न देणाऱ्या द्रवाचं) प्रमाण दरवर्षी तपासा. प्रोपेनची हजार गॅलनची टाकी ८० टक्केच भरतात, म्हणजे हाती ८०० गॅलन. तापमान उतरल्याचा इशारा मोबाइल नेटवर्कवरून येणारा घ्या. वीज गेली की वायफायही जातं, आणि इशारा हवा असतो तो नेमका तेव्हाच.

गोठ्याजवळचा न गोठणारा नळ गोठतो तो बहुधा एकाच कारणानं: कोणीतरी होज (रबरी नळी) तशीच लावून ठेवतं, पाणी खाली उतरत नाही आणि उभी नळी फुटते. सेप्टिकच्या शोषखड्ड्यावरून ट्रॅक्टर नेऊ नका, दाबलेल्या बर्फातून गारठा खोल जातो.

लिव्हिंगस्टनचा वारा कुप्रसिद्ध आहे. त्या वाऱ्यात उंच ट्रकांना हायवेवरून वळवतात. रस्त्यावर बर्फाचे ढीग साचत असतील तर बर्फकुंपण वाऱ्याच्या बाजूला, त्याच्या उंचीच्या सुमारे ३५ पट अंतरावर घाला, म्हणजे चार फुटांचं असेल तर १४० फुटांवर. जवळ घातलं तर ढीग रस्त्यावरच पडतो.

वणव्यामुळे विमा मिळत नाही म्हणतात, खरं?

मिळतो, पण मोठ्या लाकडी घरांना महाग आणि अटींसह. कंपनी विचारते ते असं: छप्पर ‘क्लास ए’चं (आगीला सर्वांत जास्त टिकणारं) आहे का, झरोक्यांना एक अष्टमांश इंचाची जाळी आहे का, अग्निशमन केंद्र किती लांब, पाणी किती. भिंतीपासून पहिल्या पाच फुटांत जळणारं काहीही नको: ना झुडूप, ना लाकडाचा ढीग, ना सालींचं आच्छादन. तीस फुटांपर्यंत विरळ आणि कापलेलं. दहा हजार गॅलनची टाकी आणि बंबाला जोडता येईल असा नळ ठेवला तर बोलणी सोपी होतात. खासगी पुलाची भारक्षमता अभियंत्याकडून लिहून घ्या. भरलेला पाण्याचा टँकर त्यावरून जाऊ शकत नसेल तर बंब अलीकडेच थांबतो. विम्याचा लेखी दर हातात आल्याशिवाय बयाण्याची मुदत संपू देऊ नका.

एच-१बी या कामाच्या व्हिसावर आहे. किंवा पुण्यातच राहतो. घेता येईल?

येईल. मोन्टानाच्या २०२३ च्या कायद्यानं ठरावीक शत्रुराष्ट्रांच्या खरेदीदारांना शेतजमिनीची बंदी केली. त्यात भारत नाही. पण १९७८ च्या केंद्रीय कायद्याखाली परकीय व्यक्तीनं शेतजमीन घेतल्यापासून ९० दिवसांत कृषी विभागाकडे एफएसए-१५३ फॉर्म भरावा लागतो. ग्रीन कार्डधारक यातून सुटतात, एच-१बी वाले सुटत नाहीत. दंड जमिनीच्या किमतीच्या २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि घरांचे व्यवहार करणाऱ्या वकिलांना हा फॉर्म ठाऊक असतोच असं नाही.

भारतात राहणाऱ्यांना एलआरएसखाली (परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली) माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर पाठवता येतात. कुटुंबातले सहमालक आपापली मर्यादा एकत्र करू शकतात. वर्षाला दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस (आगाऊ गोळा होणारा कर) कापते, तो आयकरात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. विकताना अनिवासी परकीयाच्या विक्रीकिमतीतून साधारण १५ टक्के कर आधीच कापून ठेवतात. आणि सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट: अमेरिकेत कायम वास्तव्य नसलेल्या परकीयाच्या मृत्यूनंतर वारसाकरात सूट फक्त ६०,००० डॉलरपर्यंत, त्यापुढे कर ४० टक्क्यांपर्यंत. भारताशी याबाबत करार नाही. मालकी कोणत्या नावानं घ्यायची हे खरेदीच्या आधी ठरवा, नंतर बदलणं महागात जातं.

कर किती पडतो?

मोन्टानात सर्वसाधारण विक्रीकर नाही, जमीन हस्तांतरावर कर नाही. १६० एकर किंवा त्याहून मोठी जमीन सहसा शेतजमीन म्हणून धरली जाते, त्याहून लहान असेल तर शेतीचं उत्पन्न दाखवावं लागतं. घराचा कर वेगळा. २०२५ च्या कायद्यानंतर स्वतः राहत नसलेल्या घराला जास्त दर लागतो. भाड्याची घरं किंवा मोटेल विकून करकायद्याच्या कलम १०३१ खाली, म्हणजे नफ्यावरचा कर पुढे ढकलून, अदलाबदल करणार असाल तर ४५ दिवसांत पर्याय कळवायचा आणि १८० दिवसांत व्यवहार पुरा करायचा. रँचवरचं स्वतःच्या वापराचं घर त्यात बसत नाही, किंमत विभागून घ्यावी लागते.

शेजारची रँच कितीला गेली, कुठे कळेल?

सरकारी दप्तरात कळत नाही. मोन्टानात विक्रीची किंमत जाहीर करत नाहीत. रँच हाताळणारा स्थानिक मूल्यांकनकार नेमा, त्याच्याकडे आकडे असतात. शहरातल्या घरांचं मूल्यांकन करणारा इथे निरुपयोगी.

पाहायला कधी यावं?

जूनमध्ये सगळं हिरवं असतं, तेव्हा विकणारा बोलावतोच. तुम्ही ऑगस्टच्या शेवटी या: पाटात उरलेलं पाणी, वाळलेलं तण, वणव्याचा धूर एकाच फेरीत दिसतो. दुसरी फेरी जानेवारी-फेब्रुवारीत, शक्यतो वाऱ्याच्या दिवशी, बोझमनच्या विमानतळावरून स्वतः गाडी चालवत. सोबत पाण्याच्या हक्कांचे उतारे, मोजणीचा नकाशा आणि लांब मोजपट्टी ठेवा. घर शेवटी पाहा.